डिस्कचे दोन भाग

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात डिस्कचे, म्हणजे माहिती साठवायच्या जागेचे, भाग पाडणारा जो कोड असतो, तो उदगीरच्या घरात बसून मल्लिकार्जुन सांभाळायचा. जगभरातून येणाऱ्या दुरुस्त्या तपासायच्या, चालतील त्या घ्यायच्या, बाकीच्या परत पाठवायच्या. त्या दिवशी कुणा दीडशहाण्याची दुरुस्ती वाचून त्याचं डोकं सणकलं होतं. तेवढ्यात नव्या जिल्ह्याच्या मागणीचे पुढारी, म्हणजे त्याचे चुलते शिवप्पा, भाषण टाइप करून घ्यायला आले. टँकर कधीचा फिरकला नव्हता, म्हणून त्यांना पाणी अर्धाच पेला मिळालं.

“कुणावर तापलायस रे?”

“ह्या शहाण्यावर, काका. एका डिस्कचे दोन भाग केले, अन् दोन्हीकडं आख्ख्या डिस्कएवढी जागा दाखवून मोकळा झाला! भाग पाडल्यानं जागा वाढती का? भरवसा ठेवून कुणी माहिती भरायला गेलं, तर हाय तेबी बुडंल.”

“लई लबाड दिसतंय बेणं. हाकलून दे त्याला!”

मल्लिकार्जुननं दुरुस्ती परत पाठवली आणि टायपिंगला बसला. काकांनी घसा खाकरला.

“लिही. बंधू-भगिनींनो, जिल्ह्याचे दोन भाग होऊ द्या, दोन्हीकडं भरपूर पाणी येईल.”

मल्लिकार्जुनची बोटं थांबली. “काका, धरण तेच. तेबी कोरडं. अन् आत्ता तुम्हीच त्याला लबाड म्हणलात की!”

शिवप्पांनी उरलेला घोट संपवला, मिशी पुसली आणि हसले.

 

“अरे येड्या, तुझी डिस्क टाळ्या वाजवती का? माझी माणसं वाजवतेत.”