मेक अप

बाथरूमची कडी खाडकन लागली. दोन दिवसांच्या अबोल्यात नवऱ्याने काढलेला तेवढाच आवाज. दर वेळी मीच नमतं घेते; या खेपेला नाही म्हणजे नाही!

"आई, भांडण मिटवण्याला इंग्रजीत 'मेक अप' म्हणतात," गृहपाठाची वही पुढे ओढत लेक म्हणाली. "मी वाक्य केलंय, माझी आई नेहमी मेक अप करते. आता बाबांचं काय लिहू?"

तोंड पुसत बाहेर आलेल्या नवऱ्याने अर्धवटच ऐकलं. "लिही, बाबा मेकअप करत नाहीत. ते बायकांचं काम!" तो लेकीकडे बघून हसला.

ती हसली नाही. पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.



"खरंच गं आई, ते आपलंच काम असतं?"