पर्सचा मूळ रंग

पर्सवालीने टेबलावरचं फडकं बाजूला केलं आणि म्हातारीने लगेच मान हलवली.

"ही माझी नाही."

"आई, तुझीच आहे," लेक म्हणाली. "माळ्यावरच्या पेटीत सापडली. मीच नाही का आणून दिली यांच्याकडे?"

"माझी लाल होती."

टेबलावरची पर्स तपकिरी होती. मऊ, तुकतुकीत, कड्या घासून लख्ख केलेल्या. पर्सवालीचं स्वयंपाकघर म्हणजेच तिचा कारखाना. ओट्याच्या अर्ध्या भागात साबण, मेण आणि ब्रश, दाराच्या मुठीला दुरुस्तीला आलेले पट्टे. इमारतीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे, "पर्सवालीकडे टाक" एवढंच म्हणत. जुन्याचं नवं करावं तर तिनेच, असा लौकिक होता, आणि तो तिला जरा चढलाही होता.

चढला नसता तर हे घडलं नसतं. जुन्या चामड्याला ओलं फडकं लावण्याआधी ते बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं, हा या कामातला पहिला धडा. नवशिकी पोरगीही तो चुकत नाही. पर्सवालीने मात्र बहिणीशी फोनवर गप्पा मारता मारता थेट दर्शनी भागालाच हात घातला. मळ निघाला. खालून सुरेख लाल रंग वर आला, आणि बघता बघता तोही मळामागोमाग फडक्यावर उतरला. पर्सवर राहिले नुसते पांढुरके चट्टे. लाल जुळवायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला, पण चट्टे काही लपेनात. शेवटी तिने तपकिरी रंग काढला आणि आतून-बाहेरून, पार शिवणींतसुद्धा फासला. आली तेव्हा पर्स मळाने इतकी काळवंडली होती की मूळ रंग लेकीलाही ठाऊक नव्हता. मग विचारणार कोण? म्हातारी स्वतः जिने चढून येईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"डाळिंबासारखी लाल," म्हातारी सांगत होती. "तुझ्या बाबांनी दुकानात विचारलं, काळी घेऊ की लाल? मी म्हटलं, काळी म्हातारपणी घेऊन द्या, आत्ता लाल हवी."

लेक पर्सवालीकडे बघून ओशाळं हसली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. हल्ली हे असंच चाललंय. किल्ल्या विसरते, गॅस चालू राहतो. आणि वर हट्ट काय, तर एकटीच राहीन." तिने आवाज खाली आणला, पण खोली ती केवढी! "उद्या डॉक्टरांकडे न्यायचंय. हिला एकटं ठेवायचं की नाही, ते काय म्हणतात त्यावर आहे."

"गॅस एकदाच राहिला होता," म्हातारी म्हणाली. "आणि मी अजून बहिरी झालेली नाही."

मग तिने पर्सवालीकडे मोहरा वळवला. तिच्या नजरेत भांडण नव्हतं, उलट आपला साक्षीदार सापडल्याचा आनंद होता.

"बाई, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही ती आतपर्यंत पुसलीत. लाल होती की नाही?"

पर्सवालीचे कान तापले. "होती" म्हटलं की संपत होतं. लेक चिडली असती, चार जणींना सांगत सुटली असती, थोडे दिवस कामं आली नसती. त्याहून जास्त काही नाही. म्हातारीचं मात्र आख्खं घर त्या एका शब्दावर अडलं होतं. हे सगळं तिला लख्ख कळत होतं, आणि तरीही गिऱ्हाइकांशी बोलायचा तो गोड आवाज तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडला.

"मला तर तपकिरीच दिसली, आजी."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पर्स जवळ ओढली, उघडली, आतला कप्पा पाहिला, तळ पाहिला, पट्टा उलटा करून पाहिला. सगळीकडे तपकिरी. पर्सवालीने काम चोख केलं होतं.

"असेल मग," म्हातारी हळूच म्हणाली. "तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

पर्सवालीला तोंड कुठे लपवावं ते कळेना. तिने उगाच टेबल पुसायला घेतलं. लेकीने पर्स पिशवीत ठेवली, आईचा हात धरला आणि काम झकास झाल्याचं दोनदा सांगितलं. दोघी दारापर्यंत पोचल्या तेव्हा पर्सवाली एकदम पुढे झाली.

"ताई..."

लेक थांबली. म्हातारीही थांबली.

"उन्हात ठेवू नका हं," पर्सवाली म्हणाली. "रंग उतरतो."

"नाही ठेवणार," लेक म्हणाली.

पर्सवालीला स्वतःची किळस आली. दार लावायचंही तिला सुचेना. दोघी जिना उतरू लागल्या. म्हातारीचा हात कठड्यावर होता आणि प्रत्येक पायरीवर ती काहीतरी पुटपुटत होती.

"काय म्हणतेयस, आई?"

"काही नाही गं. तपकिरी, तपकिरी. उद्या डॉक्टरांनी विचारलं तर चुकायला नको."