डाव्या हाताला साहेबांचं टेबल

“माणशी एवढे?” काकूंनी तिकीट-खिडकीवरचा दर दोनदा वाचला. “एवढ्यात आपला महिन्याचा भाजीपाला होतो.”

“खालून बघितला तरी मनोरा तेवढाच उंच दिसतो,” म्हणत काकांनी त्यांना रांगेतून बाहेर काढलं. “आणि वरून काय दिसतं गं? माणसं मुंग्यांएवढी.”

“तुम्ही कधी गेला होतात?”

“ऐकून आहे.”

दोघं बाकावर बसली आणि घरून आणलेला डबा उघडला. कालपासून हे असंच चाललं होतं. फुकट ते जवळून बघायचं, विकत ते लांबून. लॉजची खोली बिनखिडकीची, कारण खिडकीचे वेगळे पैसे. चहा एक, कप दोन. काकूंची त्याला ना नव्हती, उलट त्यांना गंमतच वाटत होती. मनोरा, बागा, दुकानं म्हणजे त्यांच्या लेखी नुसतं तोंडी लावणं. त्या आल्या होत्या एकच जागा बघायला.

काकांनी या शहरात बावीस वर्षं नोकरी केली. वर्षातून पंधरा दिवस घरी यायचे. बाकी वर्षभर काकूंनी एकटीनं पोरं वाढवली, सासूचं दुखणं काढलं, आणि शहर महाग म्हणून एकदाही इथे यायचा हट्ट धरला नाही. काका रिटायर होऊन वर्ष झालं, तरी गल्लीत ते ‘ऑफिसवाले काका’च होते आणि त्यामुळे त्या ‘ऑफिसवाल्या काकू’. नवऱ्याचं अर्धं आयुष्य जिथे गेलं ती खोली एकदा डोळ्यांनी बघायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पुन्हा येणं काही व्हायचं नव्हतं, आणि परतीची गाडी आज संध्याकाळची होती.

खोली तशी त्यांना तोंडपाठ होती. काका दर सुट्टीत तिचं वर्णन करायचे. अठरावा मजला. डाव्या हाताला साहेबांचं टेबल, उजव्या हाताला कुंडीतलं उंच झाड, समोरच्या भिंतीवर गोल घड्याळ. साहेब चिडले की चष्मा काढून पुसत बसतात. घड्याळाखालच्या बाई दुपारी गुपचूप बूट काढून ठेवतात. साहेब बोलायला कसे आहेत हो, असं विचारलं की मात्र काका म्हणायचे, “कमीच बोलतात.” आणि जोराचा वारा सुटला की त्या ऑफिसला चक्क सुट्टी असायची. अशी कंपनी नशिबानं मिळते, असं काकू शेजारणींना ऐकवत. शहरातल्या पाण्यानं काकांच्या बोटांना भेगा पडायच्या, तेवढंच काय ते वाईट. पंधरा दिवस काकू त्यांना तेल चोळत बसत.

“आता तुमचं ऑफिस दाखवा,” डबा बंद करत काकू म्हणाल्या. “त्याला काही तिकीट नाही.”

“आज रविवार. बंद असेल.”

“मग बाहेरून दाखवा.”

“बाहेरून काय बघायचंय त्यात?”

“ते माझं मी बघते. उठा.”

काका पाय ओढत चालले. इमारत आली तशी लांबूनच बोट दाखवून म्हणाले, “ती. झालं बघून?” पण काकू तोवर रस्ता ओलांडायला लागल्या होत्या.

दारातला म्हातारा वॉचमन खुर्चीतून उठलाच. “अरे! तू? आणि पुढच्या दारानं?”

“मंडळी सोबत आहेत,” काका घाईघाईनं म्हणाले. “निघतोच आहोत.”

“दादा, यांची खोली बघायची होती हो,” काकूंनी सरळ सांगून टाकलं. “पाच मिनिटं. संध्याकाळी परत चाललो आम्ही.”

वॉचमननं काकांकडे पाहिलं. काका स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

“चला वहिनी,” किल्ल्यांचा जुडगा उचलत तो म्हणाला. “अठरावा मजला या माणसानं जेवढा बघितलाय, तेवढा इथे कुणी बघितला नसेल.”

काकूंची मान अभिमानानं ताठ झाली.

लिफ्टमध्ये काका दांडी घट्ट धरून उभे राहिले. “बंद डब्यात जीव घाबरा होतो,” ते पुटपुटले.

“मग बावीस वर्षं काय जिन्यानं चढलात?” काकूंना हसू आवरेना. वॉचमन उगाचच खोकला.

त्यानं अठराव्या मजल्यावरचं दार उघडलं आणि तो बाहेरच थांबला. काकू आत शिरल्या आणि थबकल्या.

साहेबांचं टेबल उजव्या हाताला होतं. झाड डाव्या हाताला. समोर घड्याळ नव्हतंच. समोर जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच होती. त्यांनी मागे वळून पाहिलं. गोल घड्याळ दाराशेजारच्या भिंतीवर होतं आणि त्याच्याखाली एक टेबल होतं.

“सामान हलवलेलं दिसतंय,” काका दारातूनच म्हणाले.

टेबलांमधून वाट काढत काकू काचेपर्यंत गेल्या. खाली रस्त्यावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. काचेच्या पलीकडे गच्चीवरून सोडलेली एक फळी टांगलेली होती आणि फळीवर एक बादली बांधलेली होती. काकू वळल्या. काचेला पाठ लावून त्यांनी खोलीकडे पाहिलं.

डाव्या हाताला साहेबांचं टेबल. उजव्या हाताला झाड. समोर घड्याळ. सगळं जिथल्या तिथे होतं.

मग त्या दारापाशी आल्या आणि काकांची बोटं आपल्या हातात घेतली. वर्षभरात त्यांच्या भेगा भरून आल्या होत्या.

“अहो,” काकू हळूच म्हणाल्या, “दोरी तरी पक्की असायची ना?”