अनवाणी मिस्त्री

"दाजी, चप्पल मागे राहिली तुमची!"

मिस्त्रीने वळून पाहिलं. डावी चप्पल चार पावलं मागे, नळापाशी साचलेल्या चिखलात रुतून बसली होती. मेव्हण्याने ती उपटून आणली.

"एका चपलेने चालताय आणि पत्ताच नाही! लक्ष कुठंय?"

"तुझ्या पराक्रमाकडे."

पराक्रम तलावाच्या चारी बाजूंनी पसरला होता. पोहण्याच्या शाळेचा तलाव. जुनं काँक्रीट खरवडून दोघांनी काठावर नवा थर घातला होता: पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि घमेल्याला एक माप रंग. मेव्हण्याने दोन मापं टाकली. का, तर रंग उठून दिसावा म्हणून! मिस्त्रीच्या लक्षात आलं तेव्हा तीन बाजू ओतून झाल्या होत्या.

"वाळला की फिका पडेल, दाजी," तेव्हापासून मेव्हणा जप करत होता.

आठ दिवस काठ ओल्या पोत्यांखाली होता. काल संध्याकाळी पोती उचलली. रंग फिका पडला नव्हता. आणि गडद रंग ऊन कसा पितो, हे मिस्त्रीला कुणी शिकवायची गरज नव्हती. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

गेल्या उन्हाळ्यात याच तलावावर एका मुलीचे तळपाय पोळले होते. पाण्यातून निघून टॉवेलापर्यंत धावली, तेवढ्यात. त्या दिवसापासून दुपारचे वर्ग बंद. शाळेच्या बाई दुधाने तोंड पोळल्यासारख्या ताकही फुंकून पीत होत्या. कितीतरी कारागिरांना हात हलवत परत पाठवून शेवटी त्यांनी याला बोलावलं, ते त्याच्या एका रीतीमुळे.

काम संपलं की भर बारा वाजता चपला काढायच्या आणि नव्या काठावर पाच मिनिटं उभं राहायचं. पाय उचलला गेला, तर सगळा थर फोडून नवा करून द्यायचा. वीस वर्षांत त्याने पाय उचलला नव्हता. लोक त्याला अनवाणी मिस्त्रीच म्हणत.

"हात लावून अंदाज घेऊ का?" अकरा वाजता मेव्हण्याने विचारलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"हाताला घट्टे पडलेत आपल्या. निखारा ठेवला तरी कळायचं नाही. पाय मात्र खोटं बोलत नाहीत."

"तुमचे पाय! परवा चपलेतून खिळा आरपार आला, तो ताईला दिसला. तुम्ही आपले दिवसभर हिंडताय. कातडी आहे की टायर?"

मिस्त्री हसला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. सकाळपासूनची चौथी.

बाराला बाई आल्या. छत्री, हातात घड्याळ, आणि चेहऱ्यावर गेल्या उन्हाळ्याची सगळी काळजी.

"मीही काढते चपला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नका. आधी मी."

त्याने चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. तीन गडद बाजूंपैकी सगळ्यात उन्हातली निवडली. फसवायचं नव्हतं त्याला कुणाला. डोळे मिटून उभा राहिला आणि चटक्याची वाट बघू लागला.

एक मिनिट. काहीच नाही.

दोन मिनिटं. डोक्यावर ऊन नुसतं आग ओकत होतं. मेव्हण्याने दोन्ही हात जोडून छातीशी धरले होते. मिस्त्रीने पायांकडे मन लावलं. थोडा दाब, थोड्या मुंग्या, त्या काय रोजच्याच. चटका नाही.

चौथ्या मिनिटाला त्याला हसू फुटलं. उगाच जिवाला घोर लावून घेतला! भुकटी चांगली होती, रंगाने काही बिघडलं नव्हतं. थर फोडायला नको, वीस वर्षांच्या नावाला बट्टा नको.

"पाच!" बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "अगदी हलला नाहीत हो तुम्ही."

"हलायला काही झालं तर पाहिजे! थंडगार आहे, बाई. बिनधास्त सोडा पोरांना."

बाईंचा जीव भांड्यात पडला. चपलांचं त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही. फोन कानाला लावून तिथूनच पालकांना सांगत सुटल्या: उद्यापासून दुपारचे वर्ग सुरू, आणि हो, अनवाणीच पाठवा. मेव्हणा तर मिस्त्रीच्या गळ्यातच पडला.

"आयुष्यात परत दोन मापं टाकणार नाही, दाजी!"

"टाक की," मिस्त्री म्हणाला. आज त्याला सगळं माफ करावंसं वाटत होतं.

संध्याकाळी घरी तो पायरीवर ऐसपैस बसला आणि बायकोला सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. घड्याळ कसं धरलं, भावाचं तोंड कसं एवढंसं झालं होतं, बाईंचे डोळे कसे भरून आले. तीही हसली. कितीतरी दिवसांनी नवऱ्याच्या कपाळावरची आठी गेली होती.

"उद्या साठ पोरं धावतील त्या काठावर," तो म्हणाला. "साठ! अनवाणी!"

"धावू देत. आधी पाय धुवा, केवढी माती लागलीये," म्हणत तिने तांब्या आणला, खाली बसून त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला, पाणी ओतलं आणि थांबली. मग दुसरा पाय उचलून पाहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "दोन्ही तळपाय फोडांनी भरलेत. दुखत नाही तुम्हाला?"