जास्तीची गाठ

आमच्या कारखान्यात बॉम्बची छोटी पॅराशूट शिवतात. लढाईत गुंतलेल्या मित्रदेशाला माल जातो. “आपण कापड शिवतो, बायांनो, बॉम्ब बनवत नाही,” सुपरवायझर म्हणतात आणि घरी मीही तेच सांगते. दोरी बांधली की मी वर एक जास्तीची गाठ मारते. आईकडून आलेली सवय जाता जात नाही. जेवणाच्या सुट्टीत लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती नर्स आहे, लढाईच्या पलीकडच्या बाजूला, निर्वासितांच्या छावणीत. “आई, बघ, मदत आली!” पोरांनी पांढरं कापड डोक्यावर धरलं होतं. दोरीवर माझीच जास्तीची गाठ होती. मी फोन डोळ्यांजवळ ओढला. “खाली काय बांधलंय गं?” “डबा आहे. औषधं असतील. उघडतच नाहीये मेला!” “हात लावू नका! पोरांना लांब ने!” “काय? आवाज तुटतोय तुझा,” ती हसली. “थांब, पोरांनी दगड आणलाय.”