मुदत संपलेलं लायसन्स

"म्हणजे विमा कंपनी सुटली?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

वकीलबाईंनी निकालाचं पान तिच्यापुढे सरकवलं. "व्हॅन चालवणाऱ्याच्या लायसन्सची मुदत अपघाताआधी चार महिने संपली होती. म्हणून कोर्टाने कंपनीला मोकळं केलंय. तुमच्या नवऱ्याच्या मृत्यूची भरपाई आता गाडीमालकाने द्यायची."

"चालवणारेही तेच आणि मालकही तेच ना, बेकरीचा माल पोचवणारे काका? त्यांच्याकडे काय आहे? व्हॅनसुद्धा विकून झाली."

"म्हणून तर अपील करायचं. पण हातात काहीतरी हवं. लायसन्स रिन्यू करायला टाकल्याची पावती, काहीही. लायसन्स चालू असतं, तर कंपनीला पळवाटच नव्हती."

संध्याकाळी शिवणकामाच्या कारखान्यातून ती थेट काकांच्या घरी गेली.

पहिल्या तारखेला तिने भर कोर्टात त्यांची कॉलर धरली होती. "माझा नवरा सायकलवरून नीट कडेने चालला होता!" ती ओरडली होती. काका मान खाली घालून उभे होते. एका शब्दाने उलटून बोलले नव्हते. ते आठवलं की आता तिला स्वतःचीच लाज वाटे.

दार त्यांच्या मुलीने उघडलं. दवाखान्यात नुकतीच नोकरीला लागलेली. प्रत्येक तारखेला बापासोबत यायची, पण कुणाच्या नजरेला नजर देत नसे.

"काका, भांडायला नाही आले मी," ती बसता बसता म्हणाली. "मनातलं सगळं काढून टाकलंय. फक्त एखादी पावती सापडते का बघा. लेकीची शाळा बंद करायची वेळ आलीय हो."

"पावती नाही, बाई. रिन्यू करायचं राहूनच गेलं. चूक माझीच. कोर्टातही तेच सांगितलं मी."

"जरा आठवून तर बघा."

"आठवतंय ना. सगळं आठवतंय," काका म्हणाले.

आणखी काय बोलायचं? ती उठली. दाराशी चप्पल घालत होती, तोच मुलगी मागोमाग आली.

"आत जा!" काका कडाडले. त्यांचा चढलेला आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला.

मुलगी हलली नाही. तिने पर्समधून एक कार्ड काढून पुढे धरलं. त्यावर तिचाच फोटो होता.

"ताई, माझं लायसन्स चालू होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडी मी चालवत होते."