मागं उभा असलेला माणूस

"ह्याच्यात मागचं दिसंल का, तेवढं सांग," तारामतीबाई म्हणाली.

काचेच्या काउंटरवर तीन कॅमेरे मांडून झाले होते. दुकानदार राघवेंद्र कधीचा बोलून राहिला होता. मिररलेस आता तुमच्या आकड्यात बसत नाही, जुना डीएसएलआर घ्या, शटर कमी चाललेला आहे, फार फोटो काढलेले नाहीत, पहिल्या कॅमेऱ्याला एवढं पुष्कळ झालं. तारामतीबाईनं दुकानात पाय टाकतानाच आकडा सांगितला होता आणि त्याच्यापुढं एक छदाम मिळणार नाही हेही सांगितलं होतं. ते तिचं सांगून झालं होतं. आता ती फक्त मागचं विचारत होती.

कॅमेरा घ्यायचा होता सुनेला. वर्षाराणी लग्नाआधी भोकरला एका स्टुडिओत कामाला होती, हात बसलेला होता. हदगावात लग्नं, बारशी, डोहाळजेवणं करायची, चार पैसे सुटतील, असं सासूनं ठरवलं आणि सुनेनं हाव म्हटलं. नवरा, बजरंग, गेल्यापासून ती सगळ्यालाच हाव म्हणायची. जेवतेस का, हाव. झोपतेस का, हाव. नांदेडला चलतेस का, हाव. आताही ती काउंटरपाशी उभी होती आणि तिन्हींतल्या एकालाही तिनं बोट लावलं नव्हतं.

"मावशी, लोकांना मागचं धूसरच पायजे असतं आजकाल." राघवेंद्रनं एक आखूड लेन्स चढवली, वर्षाराणीवर कॅमेरा धरला आणि पडदा सासूपुढं केला. सुनेच्या भुवईचा केस न् केस दिसत होता. तिच्या मागचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ, दारातला उजेड, सगळं लोण्यासारखं वितळलेलं. "बघा. ह्या लेन्सशिवाय लग्नाचं काम भेटत न्हाई. नवरी कशी उठून दिसती."

"अन् मागच्यांनी काय पाप केलं?"

राघवेंद्र हसला. "मागं कोण बघतंय, मावशी?"

"तुझं लग्न झालंय का?"

"झालं की."

"तुझा मामा कुठं उभा व्हता?"

"मागं. मामा मागंच उभा राहतो."

"मंग? दिसतो का फोटोत?"

राघवेंद्र आठवू लागला. तोवर तारामतीबाईनं पिशवीतून अल्बमचं एक पान काढून काचेवर ठेवलं. तिची नात पुनम, लेकीची लेक, बोहल्यावर, हातात हार. मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा. तिच्या मागं फेटा बांधलेला मामा. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, मिशी म्हणजे नुसता धूर.

"माझा लेक," तारामतीबाई म्हणाली. "ह्याच्यातूनच कापून मोठा केला भिंतीला लावायला. जितका मोठा केला तितका लांब गेला. आल्यागेल्याला सांगावं लागतंय, हा बजरंग हाय म्हणून."

"दुसरा न्हाई का एखादा?"

"आधारकार्डावरचा हाय. त्याच्यात त्यो चोर दिसतो."

"मोबाइलातला?"

"लेकरांचे ढीगभर हायत. काढणारा ह्योच."

"त्यांच्या स्वतःच्या लग्नातला तर..."

"हाय की. मुंडावळ्या बांधलेला." तारामतीबाईनं त्याच्याकडं बघितलं. "मुंडावळ्या बांधलेल्या माणसाला भिंतीवर हार घालतेत का रे तुमच्यात?"

राघवेंद्रनं मान खाली घातली आणि लेन्स काढायला घेतली. "मंग ही नको. साधी घ्या. सोबत येती ती."

"लेन्सचा दोष न्हाई."

हे वर्षाराणी बोलली. तिचा आवाज एवढा सपाट होता, की दुकानात दुसरंच कुणी बोललं असं तारामतीबाईला वाटलं. सुनेनं कॅमेरा हातात घेतला, पट्टा आपसूक मनगटाला गुंडाळला आणि अंगठ्यानं चाक फिरवलं. "आत्याबाई, हा आकडा वाढवला की मागचंबी येतं. ह्याच लेन्सनं येतं. फोटोवाल्यानं वाढवला न्हाई."

"म्हंजी बजरंग आला असता?"

"हाव."

"सबंध?"

"हाव."

"मंग कामून न्हाई वाढवला त्यानं?"

वर्षाराणी चाकाकडं बघत राहिली. "मागं कोण बघतंय," ती म्हणाली.

राघवेंद्र उगीच काच पुसू लागला. तारामतीबाईनं अल्बमचं पान उचललं, पदरानं पुसलं, पिशवीत ठेवलं. मग ती म्हणाली, "हीच लेन्स दे. अन् जुन्यातला कॅमेरा. माझ्या आकड्यात बसव."

त्यानं बसवलं. घासाघीस झालीच नाही.

"बोहनीचा एक काढा," तो म्हणाला. "मावशीचाच काढा."

तारामतीबाई बाहेर पायरीखाली जाऊन रस्त्याकडं पाठ करून उभी राहिली. पदर नीट केला, हात सरळ सोडले. हसली नाही. वर्षाराणीनं अंगठ्यानं चाक फिरवलं, आणखी फिरवलं, आणि दाबलं.

पडद्यावर तारामतीबाई होती, कपाळावरच्या आठ्यांसकट. तिच्या मागं रस्त्यापलीकडं उसाच्या रसाची गाडी होती, आणि गाडीपाशी एक माणूस, गळ्यात रुमाल, हातात अर्धा ग्लास, कशाकडं तरी बघणारा. शर्टाचं वरचं बटन तुटलेलं, तेसुद्धा दिसत होतं.

"ह्यो कोण?"

"कोण की, आत्याबाई. रस्त्यावरचा."

राघवेंद्र पुढं वाकला. "त्याला काढून टाकता येतं, मावशी. मोबाइलवर एका मिनिटाचं काम. कळणारबी न्हाई तिथं कुणी व्हतं म्हणून."

तारामतीबाईनं पडद्यावर हात आडवा धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "कुणाचा तरी असंल."